मोबाईलवरून मोटर चालू होईना? रात्री विहिरीवर जाण्याआधी घरूनच हे तपासा

रात्री बाराची लाईट. गव्हाला पाणी द्यायचंय. घरूनच मोबाईल ऑटोला फोन लावला, पण मोटर काही चालू होईना. मग बॅटरी घेऊन अंधारात विहिरीची वाट धरायची. वाटेत साप-विंचवाची, काही भागांत बिबट्याची भीती. आणि पोचल्यावर कळतं, सिमचा रिचार्जच संपला होता! ही पायपीट वाचावी म्हणूनच तर ऑटो बसवलेला असतो. त्यामुळे दोष कुठे आहे, हे शक्य तितकं घरूनच ओळखायला शिकलं पाहिजे.

मोबाईल ऑटो म्हणजे स्टार्टरला जोडलेला एक साधा फोनच. त्यात सिमकार्ड असतं, अँटेना असते, बहुतेकांत छोटी बॅटरीही असते. कॉल किंवा मेसेज आला की तो स्टार्टरला चालू-बंदचा इशारा देतो. म्हणजे बिघाड तीन ठिकाणी असू शकतो: फोनच्या भागात, लाईटमध्ये, नाहीतर स्टार्टर आणि मोटारीत.

फोन लावा आणि नीट ऐका

'इनकमिंग सेवा बंद आहे' असं ऐकू आलं तर: सिमची मुदत संपली. घरूनच रिचार्ज करा. हे सिम आपल्या खिशात नसल्यामुळे त्याची तारीख लक्षात राहत नाही. ती घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

'स्विच ऑफ' किंवा 'कव्हरेज क्षेत्राबाहेर' ऐकू आलं तर: टॉवर बंद असेल, अँटेना सैल झाली असेल, किंवा लाईट नसताना ऑटोची बॅटरी उतरली असेल. आधी शेजारच्या मळ्यातल्यांना लाईट आणि रेंज आहे का, ते विचारा. गावातला टॉवरच बंद असेल तर विहिरीवर जाऊन ऑटोला हात लावण्यात अर्थ नाही.

रिंग जाते, पण मोटर चालू होत नाही: तुम्ही नवीन नंबर घेतलाय का? बहुतेक ऑटो फक्त नोंदवलेल्या नंबरचंच ऐकतात. जुन्या नंबरवरून किंवा घरातल्या दुसऱ्या नोंदवलेल्या फोनवरून लावून बघा. चालू झाली, तर ऑटो ठणठणीत आहे, फक्त नवा नंबर नोंदवायचा राहिलाय.

'मोटर चालू' असं उत्तर येतं, पण पाणी नाही: आता दोष फोनचा नाही. लगेच मोटर बंद करा. विहिरीचं पाणी खाली गेलं असेल, फुटव्हॉल्व्ह गळत असेल किंवा पाईप निसटला असेल. कोरडी मोटर चालत राहिली तर जळते.

हा बिघाड नव्हे

घरात दिवा लागतो, मग मोटर का चालत नाही, असं अनेकजण विचारतात. गावात सिंगल फेज सुरू असली तरी शेतीची थ्री फेज बंद असू शकते. एक फेज नसताना मोटर चालू न करणं हे ऑटोचं कामच आहे. त्याला चुकवून जुगाड करू नका. रिवाइंडिंगचा खर्च रिचार्जच्या कितीतरी पट असतो.

नवीन सिम टाकल्यापासून ऑटो बंद असेल, तर सिम कोणतं ते बघा. बरेच जुने ऑटो टू-जी नेटवर्कवर चालतात आणि जिओचं टू-जी नेटवर्क नाही. त्यामुळे त्यात जिओचं सिम चालणार नाही. सिमला पिन लॉक असेल तर आधी आपल्या फोनमध्ये टाकून ते काढा. आणि अँटेना लोखंडी पेटीच्या बाहेर, उंच ठेवा. पेटी बंद केली की आतली रेंज कमी होते.

पेटी उघडण्याआधी

इथे चूक झाली तर जीवावर बेतते. तुम्ही पेटीत हात घातलाय आणि घरून मुलाने फोन लावला, तर मोटर चालू होईल. ऑटो मोडवर असेल तर लाईट येताच ती आपोआपही चालू होते. मोबाईलवर 'मोटर बंद' असा मेसेज आला म्हणजे पेटीत करंट नाही, असं समजू नका. म्हणून:

१. ज्यांचे नंबर नोंदवलेत त्या सगळ्यांना सांगा, मी येईपर्यंत फोन लावू नका.
२. मेन स्विच बंद करा. किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवा.
३. पायात कोरडी चप्पल हवी. हात ओले नकोत. पेटी पावसात भिजली असेल तर हात लावू नका.
४. टेस्टरने तपासल्याशिवाय वायरला हात नको. वायरिंगचं काम माहितगार वायरमनकडूनच करून घ्या.
५. डीपीचा फ्यूज स्वतः टाकायला जाऊ नका. लाईनमनला सांगा किंवा महावितरणच्या १९१२ क्रमांकावर तक्रार करा.

एक शेवटची गोष्ट. लाईट येताच सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीवर ताण येतो आणि फ्यूज उडतो. म्हणूनच महावितरण ऑटोस्विच टाळा, कपॅसिटर बसवा, असं सांगत असतं. आपल्याकडे मोबाईलची सोय आहेच, तर ऑटो मोड बंद ठेवून शेजाऱ्यांशी बोलून पाच-दहा मिनिटांच्या फरकाने मोटारी चालू करा. डीपी टिकला तर पाणी सगळ्यांनाच मिळेल.