साडेतीन मिनिटांची मैफल

गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी 1977मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अंतराळात गेली. मात्र तिची मूळ ध्वनिमुद्रिका मिळवताना निवडकर्त्यांच्या नाकी नऊ आले होते. बाजारातून ती केव्हाच नाहीशी झाली होती. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. जुनं गाणं पुन्हा का काढायचं, असं विचारणाऱ्यांना हा किस्सा सांगावा.

मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. तासभर राग मांडणाऱ्या गवयांना ही अडचणच होती. पण मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी 1930च्या दशकात ओडियन कंपनीसाठी जे गायलं, त्यात घाई कुठेच नाही. त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकूनच गदगच्या लहानग्या भीमसेनला गाण्याचं वेड लागलं. खाँसाहेब 1937मध्ये गेले. ठुमरी मात्र एलपी, कॅसेट, सीडी करत आता मोबाइलवर आली आहे.

या प्रवासात गाणं बिघडतंही. जुन्या तबकड्या सगळ्याच नेमक्या 78 फेऱ्यांच्या नसत. 74 फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी 78वर वाजवली, की गाणं जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढतं. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, लयही पळते, आणि आपण म्हणतो, काय तयारी होती! सुईचंही तसंच. 78च्या खाचा रुंद असतात, त्यांना एलपीची बारीक सुई चालत नाही. सगळ्यांत मोठा घात होतो तो सफाईच्या हौसेनं. खरखर पुसता पुसता तंबोऱ्याची आस आणि आवाजाची धारही पुसली जाते. उरतं ते गुळगुळीत, बुळबुळीत गाणं. मला विचाराल तर थोडी खरखर परवडली.

आपल्याकडे प्रकाशनानंतर 60 वर्षांनी ध्वनिमुद्रणावरचा स्वामित्वहक्क संपतो. मग कुणीही ते काढू शकतो, आणि काढतोच. राग चुकीचा, साथीदार गायब, साल नाही. त्यामानानं सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या मुंबईतल्या संस्थेतली संग्राहक मंडळी तबकडीवरच्या क्रमांकासाठीसुद्धा हुज्जत घालतात. ती हुज्जत हवीच.

तेव्हा जुन्या गाण्यांचा संच विकत घेण्याआधी त्याच्यासोबतची माहिती वाचा. आणि घरातल्या माळ्यावर आजोबांच्या तबकड्या पडून असतील, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एखाद्या संग्राहकाला दाखवा.