घरची शाळा कशी चालते, आणि कधी ती शाळा नसते

आज बोलायचं आहे घरच्या शाळेबद्दल. म्हणजे मुलाला शाळेत न पाठवता घरीच शिकवणं. पुण्या-मुंबईकडची काही कुटुंबं असं करतात, हे आपण ऐकून असतो. मग आपल्याकडेही कुणी विचारतं, "ताई, आपल्याला जमेल का हे?" आणि दुसरीकडे एखाद्या घरात वेगळंच ऐकू येतं, "पोरीची सातवी झाली, आता घरीच शिकेल." ही दोन वाक्यं सारखी वाटली तरी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक नेमका कुठं आहे, हे आज समजून घेऊ.

आधी एक जुनी गोष्ट. पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचा जन्म १८५८ सालचा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. बाईमाणसाला संस्कृत शिकवतो म्हणून लोक नाराज झाले, तेव्हा ते रानात जाऊन राहिले. रमाबाई थोड्या मोठ्या झाल्या तोवर वडील थकले होते. मग शिकवायचं काम आईनं घेतलं. घरकामाचा गाडा सुरू होण्याआधी, पहाटे ती लेकीला उठवायची आणि तोंडी पाठ द्यायची. हातात पुस्तकसुद्धा नसायचं. आई म्हणायची आणि लेक मागून म्हणायची.

पुढं दुष्काळात आई-वडील गेले. रमाबाई आणि त्यांचे भाऊ पायी हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. लहानपणी शाळेची पायरी न चढलेल्या या बाईनं १८८९ साली मुंबईत 'शारदा सदन' काढलं, विधवा मुलींना शिकता यावं म्हणून.

यातून तीन गोष्टी घ्यायच्या. आईनं रोजची वेळ ठरवली होती. शिकवणारं माणूस ठरलेलं होतं. आणि शिकलेलं बाहेर तपासलं गेलं, चार जाणत्यांसमोर. वेळ, माणूस आणि बाहेरची तपासणी या तीन खांबांवर घरची शाळा उभी राहते. एक जरी खांब नसला, तरी ती शाळा राहत नाही, नुसतं घरी बसणं होतं.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षणाचा हक्क त्यानं दिला, आणि मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे आई-वडिलांचं कर्तव्य ठरवलं. घरच्या शाळेसाठी या कायद्यात वेगळी तरतूद नाही. म्हणून ज्यांना घरी शिकवायचं आहे, त्यांनी परीक्षेचा रस्ता पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे.

हे रस्ते तीन आहेत. पहिला, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. तिथं तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे टप्पे आहेत. वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीसाठी नाव घालता येतं. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसायची संधी असते. दुसरा रस्ता म्हणजे आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ, तिथं पाचवी आणि आठवीच्या परीक्षा होतात. तिसरा रस्ता गावोगावी माहीत आहे, तो म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी. त्याला वयाची आणि आधीच्या शिक्षणाची अट असते. जवळच्या हायस्कूलमध्ये जाऊन ती नीट विचारून घ्या.

आणि परतीचा रस्ताही उघडा आहे. घरी शिकणारं किंवा शाळा सुटलेलं लेकरू पुन्हा शाळेत यायचं म्हणालं, तर त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं, आणि मागं राहिलेल्या अभ्यासासाठी खास वर्ग घ्यायचे, असं कायदाच सांगतो. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

आता प्रत्यक्ष आठवडा कसा असावा ते पाहू. सकाळचे दोन-अडीच तास नेमाचे धरा. घरी एक-दोनच लेकरं असतात, त्यामुळं एवढ्यात पुष्कळ होतं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतात. तीच पायाला ठेवा, म्हणजे परीक्षेचा धागा सुटत नाही. बाकी शिकवायला आपला जिल्हा आहेच.

सोमवार भाषेचा. पुस्तकातला एक धडा मोठ्यानं वाचायचा. मग आजीजवळ बसायचं. आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, शेतीच्या म्हणी येतात, तिच्या लहानपणचा १९७२ चा दुष्काळ आठवतो. ती सांगेल ते लेकरानं लिहून घ्यायचं. मोठ्यांचं बोलणं ऐकून बिनचूक लिहिणं हाच शुद्धलेखनाचा धडा. आजीला अक्षर येत नसेल तरी त्या दिवशी शिक्षिका तीच.

मंगळवार गणिताचा. आपल्या भूम-वाशीकडं खव्याच्या भट्ट्या आहेत. म्हशीचं साधारण पाच लिटर दूध आटवलं की एक किलोच्या आसपास खवा पडतो. दूध मोजा, खवा मोजा आणि गुणोत्तर काढा. मग दुधाचा भाव, जळणाचा खर्च आणि खव्याचा भाव मांडा, की नफा-तोटा आलाच. ज्यांच्याकडं भट्टी नाही, पण दारात उस्मानाबादी शेळी आहे, त्यांनी दिवस मोजावेत. शेळी गाभण राहिल्यापासून साधारण १५० दिवसांनी विते, आणि या जातीत जुळी करडं बरेचदा होतात. कॅलेंडर घ्या आणि विण्याची तारीख लेकराला काढायला सांगा. उत्तर बरोबर की चूक ते शेळीच सांगेल.

बुधवार विज्ञानाचा. आपला जिल्हा कमी पावसाचा, म्हणून पाऊस मोजायला शिकू. सरळ कडांचा एक डबा उघड्यावर ठेवा. पाऊस थांबला की आत मोजपट्टी धरा. जेवढे मिलिमीटर पाणी, तेवढा पाऊस. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होतं. आता समजा, घरावरचं पत्र्याचं छत सहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद आहे, म्हणजे ३० चौरस मीटर. दहा मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या छतावर ३०० लिटर पाणी पडलं. पंधरा लिटरची घागर धरली, तर वीस घागरी. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरातल्या लेकराला हा हिशोब एकदा कळला, की ते बापाला पन्हाळी बसवायला लावतं. पावसाळा नसेल तेव्हा विहिरीच्या पाण्याची पातळी दर बुधवारी दोरीनं मोजून वहीत लिहायची.

गुरुवार सहलीचा. दर आठवड्याला लांब जायची गरज नाही. गावचं पोस्ट, बँक, ग्रामपंचायत, दूध संकलन केंद्र याही सहलीच. पण महिन्यातून एकदा एसटीत बसायचं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून आपल्यालाही अर्धं तिकीट आहे.

पहिली सहल तेरला करा. धाराशिवपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी हे गाव आहे. संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून आपण तिथं दर्शनाला जातोच. पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच गाव 'तगर' नावानं परदेशात माहीत होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत तगरचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जातं, असं त्यात सांगितलं आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयात त्या काळची नाणी, मातीच्या मूर्ती, मणी आणि एक हस्तिदंताची स्त्रीमूर्ती आहे. तशाच घडणीची, भारतात केलेली हस्तिदंती मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात सापडली आहे. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं होतं. हे सगळं पुस्तकात वाचणं वेगळं आणि तेरणेच्या काठी उभं राहून ऐकणं वेगळं. मग जुन्या विटांचं त्रिविक्रम मंदिर पाहा. मागच्या बाजूनं ते हत्तीच्या पाठीसारखं गोल आहे. लेकराला वहीत त्याचा आकार काढू द्या.

दुसरी सहल नळदुर्गची. बोरी नदीवर किल्ल्यातच बंधारा बांधला आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातलं हे काम. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात, आणि आत महालात माणूस कोरडा उभा राहू शकतो. पाण्याचा एवढा दाब भिंत कशी सोसते, हा प्रश्न घेऊन जा आणि उत्तर शोधत परत या. मात्र पाण्याच्या कडेला लेकराचा हात सोडू नका.

शुक्रवार लिहायचा. काल काय पाहिलं, ते दहा ओळींत लिहायचं. काय कळलं नाही, ते तीन प्रश्नांत लिहायचं. हे तीन प्रश्न फार मोलाचे, कारण पुढच्या आठवड्याचा अभ्यास त्यातूनच निघतो. त्याच दिवशी इंग्रजी आणि हिंदीची उजळणी.

शनिवार सवंगड्यांचा. खो-खो, लेझीम, वाचनालय, काहीही असो, पण दुसऱ्या मुलांबरोबर. आणि रविवारी पूर्ण सुट्टी, लेकरालाही आणि शिकवणाऱ्यालाही.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण घरात काय नसतं, तेही सांगायला हवं. शाळेत वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या जातींची मुलं एका ओळीत बसतात, एकत्र जेवतात. ते घरात मिळत नाही. शाळेत दुपारचा आहार असतो, प्रयोगाचं साहित्य असतं. घरात काही बिनसलं, तर लेकराच्या चेहऱ्यावरून ओळखणारं बाहेरचं माणूस शाळेत असतं. आणि आणखी एक. घरची शाळा म्हटलं की तिचं ओझं आईच्या डोक्यावर येतं. स्वयंपाक, शेत, जनावरं आणि वर मास्तरकी. म्हणून सुरू करण्याआधी घरच्यांनी बसून वाटणी करावी. मंगळवारचं गणित वडिलांचं, सोमवार आजीचा, असं कागदावर लिहून भिंतीला लावावं. जिथं अशी वाटणी होणार नाही, तिथं शाळाच बरी. शाळेत जाणाऱ्या लेकरासाठीही यातला शनिवार-रविवारचा भाग करता येतोच. पाऊस मोजायला आणि तेर पाहायला शाळा सोडावी लागत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींसाठीही दोन शब्द. कोपीवर लेकरू धाकट्याला सांभाळत बसतं, त्याला घरची शाळा म्हणता येणार नाही. निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवून कारखान्याच्या भागातल्या शाळेत लेकराला बसवता येतं. किंवा गावातच हंगामी वसतिगृह आहे का ते विचारा, म्हणजे ते आजीजवळ राहून शिकेल.

आता सुरुवातीच्या त्या दुसऱ्या वाक्याकडं वळू. "पोरगी घरीच शिकेल," असं कुणी म्हणालं, तर पाच प्रश्न विचारा. रोज किती वाजता शिकणार? शिकवणार कोण? पुस्तकं घरात आहेत का? परीक्षेचा फॉर्म कुठला आणि कधी भरणार? आणि घरातला मुलगा पण घरीच शिकणार आहे का? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक घरं गप्प होतात. मुलगा शाळेत आणि मुलगी घरी, असं असेल तर ते शिक्षण नव्हे. तिथं धुणी-भांडी आहेत, आणि पुढं लवकरचं लग्न आहे. अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं हा २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. असं काही ठरत असल्याचं कानावर आलं, तर १०९८ या नंबरवर फोन करा. फोन फुकट लागतो. ग्रामसेवक आणि अंगणवाडीताईंनाही सांगता येतं.

तीस दिवसांहून जास्त काळ सलग गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं. तुमच्या गल्लीतली एखादी मुलगी महिनाभर शाळेच्या वाटेवर दिसली नसेल, तर तिच्या आईशी जाऊन बोला. भांडायला नको, चहाला जा. आणि बोलता बोलता ते पाच प्रश्न विचारा. वही, वेळापत्रक आणि फॉर्म दाखवला, तर त्या माऊलीला शाबासकी द्या. नाही दाखवता आला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर शाळेपर्यंत चालत जा.