पेस्ट केलेलं चित्र जातं कुठे? वारली भिंतीवरून लेयरची ओळख



शाळेचं पोस्टर, स्नेहसंमेलनाची पत्रिका, मुलांच्या चित्रांचं हस्तलिखित ही कामं आता आपण बहुतेक संगणकावरच करतो. त्यात सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या कळा कोणत्या? कंट्रोल + सी आणि कंट्रोल + व्ही. मजकुराच्या बाबतीत हे कॉपी-पेस्ट बिनतक्रार चालतं. चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलो की मात्र तेच कॉपी-पेस्ट आपल्याला छळू लागतं. पेस्ट केलं तरी काही दिसत नाही. दिसलं तर हलत नाही. हलवायला गेलं तर भलतंच काहीतरी सरकतं. खोडायला जावं तर खालचं चित्रही पुसलं जातं.

या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच आहे. आपण पडद्यावरच्या चित्राकडे बघतो, पण बाजूच्या लेयरच्या यादीकडे बघत नाही. पडद्यावर एकच चित्र दिसत असलं तरी ते एकावर एक ठेवलेल्या अनेक थरांचं बनलेलं असतं. कॉपी होतं ते एखाद्या थरावरून आणि पेस्ट होतं तेही एखाद्या थरावर किंवा नव्या थरात. कोणत्या थरावर, हे आपल्याला माहीत नसेल तर गोंधळ होणारच.

आपल्याकडची भिंत म्हणजे लेयरच

मसोलीपासून तलासरीपर्यंत कुठल्याही शाळेत हा पाठ घेताना वेगळं उदाहरण शोधायला नको. वारली चित्राची भिंत आठवा. आधी कारवीच्या काठ्यांचा कूड. त्यावर माती-शेणाचं लिंपण. ते वाळलं की गेरूचा हात. आणि सगळ्यात वर, बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेल्या कुंचल्याने, तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. आपल्याला दिसतो तो लग्नाचा चौक, तारपा नाच, झाडं, पक्षी. पण ते सगळं उभं आहे खालच्या थरांवर.

मुलांना विचारा, ‘पांढरी रेघ चुकली तर काय कराल?’ मुलं लगेच सांगतील, ओल्या फडक्याने पुसू. पण पुसताना थोडा गेरूही निघतो आणि तिथे पुन्हा गेरू लावावा लागतो. संगणकातल्या लेयरची गंमत इथेच आहे. तिथे पांढरी रेघ वेगळ्या थरावर असेल तर ती हवी तेवढी खोडा, खालच्या गेरूला धक्का लागत नाही. जणू प्रत्येक रेघ काचेवर काढली आहे आणि काचा एकमेकींवर ठेवल्या आहेत.

भिंतीवर मिळत नाही अशी ही सोय संगणकात मिळते. पण पेस्ट केलेली गोष्ट स्वतंत्र लेयरवर ठेवली तरच. नाहीतर पुन्हा तीच ओली भिंत!

पेस्ट करण्याआधी तीन प्रश्न

इथे आपण गिंप हे सॉफ्टवेअर धरून चालू. ते मोफत आहे आणि शाळेच्या जुन्या संगणकावरही बऱ्यापैकी चालतं.

पहिला प्रश्न : कोणत्या लेयरवरून कॉपी करतोय? यादीत जो लेयर उठून दिसतो तो ‘चालू’ लेयर. कॉपी फक्त त्याच्यावरचं होतं. समजा खाली गेरूचा लेयर आहे आणि वर पांढऱ्या आकृतीचा. तुम्ही आकृतीभोवती चौकट आखली, पण चालू लेयर गेरूचा आहे. मग पेस्ट केल्यावर हाती येईल नुसता तांबडा चौकोन. आकृती येणार नाही. जे दिसतंय ते सगळं एकत्र हवं असेल तर ‘एडिट’मधलं ‘कॉपी व्हिजिबल’ वापरा.

दुसरा प्रश्न : पेस्ट कुठे होतंय? इथे सॉफ्टवेअरप्रमाणे फरक पडतो. फोटोशॉपमध्ये १९९४ सालच्या आवृत्तीपासून लेयर आहेत आणि तिथे पेस्ट केलेल्या गोष्टीसाठी आपोआप नवा लेयर तयार होतो. गिंपच्या २०२५ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीतही तसंच होतं. पण अनेक शाळांत अजून गिंपची २.१० ही आवृत्ती आहे. तिथे साधं पेस्ट केलं की चित्र अधांतरी राहतं. यादीत त्याचं नाव ‘फ्लोटिंग सिलेक्शन’ असं दिसतं. विंडोजच्या साध्या पेंटमध्ये तर कित्येक वर्षं लेयरच नव्हते, ते २०२३ मध्ये आले. जुन्या पेंटमध्ये पेस्ट करून बाहेर क्लिक केलं, की चित्र कायमचं चिकटलं.

तिसरा प्रश्न : ते अजून तरंगतंय का? फ्लोटिंग सिलेक्शन तरंगत असताना दुसऱ्या लेयरवर काम करता येत नाही. आपल्याला वाटतं, संगणक अडकला. तो अडकलेला नसतो, आपल्या निर्णयाची वाट बघत असतो. त्याला खालच्या लेयरमध्ये मिसळायचं असेल तर नांगराच्या चिन्हावर क्लिक करा. स्वतंत्र ठेवायचं असेल तर ‘लेयर’ मेनूमधून ‘टू न्यू लेयर’ निवडा. ही भानगडच नको असेल तर सुरुवातीलाच ‘एडिट’, मग ‘पेस्ट ॲज’, मग ‘न्यू लेयर’ असं जा. शिकणाऱ्याला हाच रस्ता शिकवावा.

वर्गात करून बघा : बारा मुलांचा तारपा नाच

आता हे सगळं एका उपक्रमात बसवू. तारपा वाजवणारा मध्ये आणि त्याच्याभोवती नाचणारी माणसं, असं चित्र करायचं आहे. पटकन सुचणारा मार्ग म्हणजे एकच माणूस काढून बारा वेळा पेस्ट करणं. तसं करून बघायला हरकत नाही, पण ते चित्र शिक्क्याने उठवल्यासारखं दिसतं. हाताने काढलेल्या वारली चित्रात दोन माणसं तंतोतंत सारखी नसतात. म्हणून बारा मुलांनी एकेक माणूस काढावा. प्रत्येक मुलाचा एक लेयर.

१. कागदावर चित्र. प्रत्येकाने पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने एक आकृती काढावी. दोन त्रिकोणांचं अंग, गोल डोकं, हातपाय रेघांचे. उजेडात, कागदावर मोबाईलची सावली न पडू देता फोटो घ्यावा. फोटो व्हॉट्सॲपवरून मागवणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो आणि रेघा फुटतात.

२. काळ्याचं पांढरं. फोटो गिंपमध्ये उघडा. ‘कलर्स’मधल्या ‘लेव्हल्स’मध्ये टोकांचे दोन त्रिकोण थोडे आत सरकवा, म्हणजे कागद पांढराशुभ्र आणि रेघ ठळक काळी होईल. मग ‘कलर्स’मधलं ‘इन्व्हर्ट’. कागद काळा झाला, माणूस पांढरा! इथे वर्गात हमखास टाळ्या पडतात.

३. काळा रंग काढून टाकणं. आता ‘कलर्स’मधल्या ‘कलर टू अल्फा’मध्ये काळा रंग निवडा. काळा भाग जाऊन तिथे राखाडी चौकटी दिसतील. चौकटी म्हणजे तिथे काहीच नाही, आरपार आहे. उरली फक्त पांढरी रेघ. काळपट धुकं उरलं असेल तर लेव्हल्सची पायरी नीट झालेली नाही. मागे जाऊन पुन्हा करा.

४. गेरूची भिंत. नवी फाईल घ्या. ए-फोर कागदावर चांगली छपाई हवी असेल तर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. रंग भरा : लाल १४०, हिरवा ६५, निळा ४० असे आकडे घेतले की गेरूच्या जवळ जाणारी छटा मिळते. या लेयरला ‘भिंत’ असं नाव द्या आणि यादीतल्या कुलपाने त्याची जागा पक्की करा.

५. कॉपी आणि पेस्ट. मुलाच्या फाईलमध्ये आकृतीभोवती चौकट आखून कॉपी करा. भिंतीच्या फाईलमध्ये ‘पेस्ट ॲज’, ‘न्यू लेयर’. मोबाईलचा फोटो अनेकदा ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा असतो, म्हणून आकृती भिंतीबाहेर जाईल. घाबरू नका, बाहेर गेलेला भाग कापला गेलेला नाही. ‘लेयर’ मेनूतलं ‘स्केल लेयर’ वापरून ती लहान करा. ‘इमेज’ मेनूतलं ‘स्केल इमेज’ वापरलं तर भिंतीसकट सगळंच लहान होईल.

६. लेयरला नाव. नव्या लेयरला सॉफ्टवेअर सरधोपट नाव देतं. बारा लेयर झाले की कोण कुठला कळत नाही. म्हणून लगेच नावावर दोनदा क्लिक करून मुलाचं नाव लिहा.

७. गोलात उभं करणं. प्रत्येक आकृती आधी वर्तुळाच्या माथ्यावर ठेवा, पाय मध्याकडे. मग रोटेट हे साधन घेऊन फिरण्याचा बिंदू तारपावाल्याच्या जागी ओढा. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, माणसं बारा, म्हणजे दोघांमध्ये ३० अंश. पहिला ० वर, दुसरा ३० वर, तिसरा ६० वर, शेवटचा ३३० वर. गणिताचा तासही झाला! एक लक्षात ठेवा, प्रत्येक लेयर एकदाच फिरवा. पुन्हा पुन्हा फिरवला की रेघ दर वेळी थोडी पुसट होत जाते. कोन चुकला तर आधी ‘अनडू’ करा आणि मग नव्याने फिरवा.

हमखास अडणाऱ्या जागा

*माणूस हलवायला गेलो तर दुसराच लेयर हलतो.* गिंपचं मूव्ह साधन माऊसच्या टोकाखाली जे असेल ते उचलतं. वारली आकृती बारीक रेघांची, त्यामुळे टोक रेघांच्या मधल्या फटीत पडतं आणि तिथून दिसणारी भिंतच पकडली जाते. साधनाच्या पर्यायांत ‘मूव्ह द ॲक्टिव्ह लेयर’ निवडा, आणि यादीत योग्य मुलाचं नाव निवडा.

*पेस्ट झालं, पण दिसत नाही.* लेयर दुसऱ्या लेयरच्या खाली गेला आहे का बघा, यादीत तो वर ओढा. शेजारचा डोळा बंद आहे का, तेही बघा.

*रंग लागतच नाही.* आधी आखलेली चौकट अजून चालू असेल. तिच्या बाहेर कुंचला चालत नाही. ‘सिलेक्ट’मधलं ‘नन’ निवडा.

*खोडलं तर आरपार न होता पांढरा डाग पडतो.* तो लेयर जेपीजी फोटोतून थेट आलेला आहे, त्याला आरपार होण्याची सोय नाही. ‘लेयर’, ‘ट्रान्स्परन्सी’, ‘ॲड अल्फा चॅनल’ करा, मग खोडा.

सेव्ह करताना जपा

इतकं करून शेवटी नुसतं जेपीजी काढलं आणि फाईल बंद केली, तर सगळे लेयर एकात एक मिसळून गेले असं समजा. जेपीजीमध्ये लेयर राहत नाहीत. म्हणून आधी ‘सेव्ह’ करा. त्यातून एक्ससीएफ फाईल तयार होते आणि तिच्यात बाराही लेयर नावासकट शाबूत राहतात. ही कामाची मूळ फाईल. मग व्हॉट्सॲपवर पाठवायला किंवा छपाईला ‘एक्स्पोर्ट ॲज’ने जेपीजी काढा. दुसऱ्या दिवशी एखादी मुलगी म्हणाली, ‘बाई, माझ्या माणसाचा हात बारीक झालाय, परत काढू?’ तर तिचा एकच लेयर बदला. बाकी अकरा जणांना हात लावायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट. घराच्या भिंतीवरच्या खऱ्या चित्राचा फोटो वापरणार असाल, तर मूळ फोटोवर कधीही काम करू नका. आधी त्याची प्रत काढा. गिंपच्या ‘फाईल’ मेनूत ‘ओव्हरराइट’ असाही पर्याय असतो, तो मूळ फोटो पुसून त्या जागी नवं चित्र ठेवतो. लग्नासाठी काढलेला चौक कायम राहत नाही. भिंत पुन्हा सारवली जाते, पाऊस लागतो, घरही नवं बांधलं जातं. अशा वेळी तुमच्याकडचा फोटो हीच त्या चित्राची शेवटची खूण असू शकते.

कॉपी करावं, पण कोणाचं हे सांगून

कॉपी करणं सोपं झालं म्हणून दुसऱ्याचं काम आपलं होत नाही. लग्नाचा चौक परंपरेने सवाशिणी लिहीत आल्या आहेत आणि त्यावर कोणाची सही नसते. पण सही नाही म्हणजे धनी नाही, असं नव्हे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र कागदावर आणि कापडावर जगभर नेलं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. इंटरनेटवरून वारली आकृत्या उचलून शाळेच्या पोस्टरवर चिकटवताना हे मुलांना जरूर सांगा. गावातल्या कोणाच्या भिंतीचा फोटो असेल तर आधी विचारा, आणि पोस्टरच्या खाली त्यांचं नाव लिहा.

आपल्या तारपा नाचाच्या पोस्टरवरही बारा नावं यायला हवीत. ती शोधावी लागणार नाहीत. लेयरची यादी उघडा आणि वरून खाली वाचत उतरवून घ्या.