दाब, प्रवाह आणि विहिरीवरची मोटार

उपकरणाच्या दोन टोकांमधला विद्युतदाब व्होल्टमध्ये आणि त्यातून वाहणारा प्रवाह अँपिअरमध्ये मोजला, की रोध आणि शक्ती हिशेबाने निघतात. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो, ओहममध्ये. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती, वॅटमध्ये. पाणी तापवायचा हीटर २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेत असेल, तर त्याचा रोध ४६ ओहम आणि शक्ती ११५० वॅट. रोधाचा नियम जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडला.

राहुरीच्या ऊसपट्ट्यातल्या विहिरीवरच्या मोटारीला मात्र हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही. थ्री फेज मोटारीत दाब-प्रवाहाच्या गुणाकाराला १.७३२ने आणि पॉवर फॅक्टरनेही गुणावे लागते. ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर आणि ०.८५ पॉवर फॅक्टर धरल्यास सुमारे ४,५८० वॅट होतात. ५ अश्वशक्तीच्या मोटारीचे प्रत्यक्ष काम ३,७३० वॅटचे. उरलेली वीज मुख्यतः उष्णतेत जाते.

खरा धोका दाब पडल्यावर असतो. पाणी तेवढेच उपसायचे असल्याने मोटार जास्त प्रवाह ओढते: ३४० व्होल्टवर साधारण ९ अँपिअर. वाइंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती जवळजवळ दीडपट होते. मोटारी जळण्याचे हे एक मोठे कारण आहे. रोहित्रापासून विहीर लांब आणि केबल बारीक असेल, तर तारेच्या रोधातच आणखी काही व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून अंतर वाढले की जाड केबल घ्यावी, आणि स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरनुसार लावावा.