हळद कातडीत मुरते कुठवर?

तंजावरजवळ तिरुमलैसमुद्रमला शास्त्रा अभिमत विद्यापीठाचं नॅनोतंत्रज्ञान आणि प्रगत जैवपदार्थांचं केंद्र आहे. तंजावरच्याच सर्फोजीराजांच्या (राज्यकाळ 1798 ते 1832) धन्वंतरी महालात वेगवेगळ्या पद्धतींचे वैद्य औषधं पारखून घेत, आणि त्यांचे पाठ तमिळ पद्यात बांधून ठेवले गेले. दोन्ही गोष्टी एकाच गावच्या म्हटल्यावर कुणीतरी म्हणतंच, "हे नॅनो वगैरे आपल्या लोकांना आधीच ठाऊक होतं."

नव्हतं. आणि तसं म्हणून वैद्यांचा मान वाढतही नाही. त्यांना ठाऊक होतं ते वेगळं: वनस्पतीतलं बरंच काही पाण्यात उतरत नाही, तेलातुपात उतरतं. म्हणून कल्क, काढा आणि तेल एकत्र आटवून तेल सिद्ध करायचं. स्निग्ध पदार्थ हे औषधाचं वाहन, ही समज पक्की होती. पण औषध वाहून नेणारे, मेदाचे ठरावीक मापाचे घन नॅनोकण घडले ते 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, बर्लिनचे राइनर म्युलर आणि तुरिनच्या मारिया गास्को यांच्या प्रयोगशाळांत.

सगळ्यात चिवट गैरसमज मात्र घरातलाच आहे: चोळलं की मुरतं. कातडीचा अगदी वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. अंगावर बहुतेक ठिकाणी त्याची जाडी जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर, पण बांधणी विटांच्या भिंतीसारखी. पेशी या विटा आणि त्यांच्या सांध्यांत मेदाचा गिलावा. साधारण 500 डाल्टनपेक्षा जड रेणू या गिलाव्यातून सहसा जात नाही. हळदीतलं कर्क्युमिन 368 डाल्टनचं, म्हणजे वजनात बसतं. अडतं दुसरीकडे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात खराब होतं, आम्लता नसलेल्या द्रावणात भराभर मोडतं. अंग पिवळं दिसतं ते बहुतांशी वरच्यावर, आणि धुतल्यावर उतरतं. (अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट 1997 मध्ये रद्द झालं, त्याचा दाखला इथे देऊ नये. ही माहिती आपल्याकडे जुनीच आहे, एवढंच त्यात ठरलं. हळद किती खोल जाते, हा तिथला प्रश्न नव्हता.)

उलट, काही वनस्पतिद्रव्यं कुठल्याही खास वाहनाशिवाय सरळ आत जातात. धोतऱ्याच्या कुळातल्या झाडांत सापडणारं स्कोपोलामिन 303 डाल्टनचं. प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे लावायची त्याची चिकटपट्टी अमेरिकेत 1979 मध्ये मंजूर झाली. तंबाखूतलं निकोटिन तर 162 चं. निपाणीकडच्या वाचकांना तंबाखू काय ते सांगायला नको. पण ओली पानं हाताळणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर होते ती कातडीतून शिरलेल्या निकोटिनमुळे, हे तिथेही सगळ्यांना माहीत असेल असं नाही. म्हणजे रेणू आत जाईल की नाही ते त्याच्या घडणीवर ठरतं. झाडाची कीर्ती तिथे कामाची नाही.

मग नॅनोकण करतात तरी काय? "इतके बारीक की थेट रक्तात" ही जाहिरातीची भाषा. हे कण बहुधा 100 ते 300 नॅनोमीटरचे असतात. केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड. तरीही धडधाकट कातडीतून अख्खा कण सहसा पलीकडे जात नाही. तो वर चिकटतो. त्याच्या पातळ पापुद्र्यामुळे ओलावा उडत नाही, वरचा थर जरा फुगतो, कणातला मेद गिलाव्यातल्या मेदात मिसळतो आणि द्रव्य हळूहळू सुटतं. काही कण केसांच्या मुळांशी अडकून राहतात. सोरायसिस किंवा बुरशीच्या संसर्गात औषध कातडीतच टिकावं, हेच तर हवं असतं. इथे रक्तापर्यंत न पोचणं हेच यश. कणात नुसता घन मेद घेतला तर कालांतराने त्याचे स्फटिक घट्ट बसतात आणि द्रव्याला बाहेर ढकलतात. म्हणून पुढच्या पिढीच्या कणांत थोडं पातळ तेलही घालू लागले.

कोविडच्या एमआरएनए लशींतले मेदाचे कण ते हेच का? नाही. त्यांची रचना निराळी, ते सुईने स्नायूत जातात.

वनस्पतीचं म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. बावचीतलं सोरालेन लावून उन्हात बसलं, तर भाजून फोड येतात. वाहन चांगलं असेल तर चटका देणारं द्रव्यही जास्त पोचणार.

"प्रयोगात सिद्ध" असं वाचलं तर कातडी कुणाची ते पाहावं. अशा चाचण्या बऱ्याचदा फ्रान्झ सेल नावाच्या काचेच्या भांड्यात होतात: मध्ये कातडीचा तुकडा, वर मलम, खाली द्रावण. उंदराची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा बरीच गळकी. डुकराच्या कानाची त्यापेक्षा जवळची.

आणि डबीवर "सौंदर्यप्रसाधन" छापून खाली "रक्तात जाऊन सांधेदुखी बरी करते" असं लिहिलेलं आढळलं, तर दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात प्रसाधन म्हणजे स्वच्छता, सौंदर्य आणि रूप यांसाठी लावायची वस्तू. रोग बरा करण्यासाठी वापरायचं ते औषध, आणि औषधाला वेगळा परवाना लागतो.