जुनी लष्करी रायफल: घासायची किती, राखायची किती?

सैन्यात नवं शस्त्र आलं की जुन्या शस्त्रांचे साठे निकाली निघतात. अमेरिकेत या साठ्यांतल्या रायफली सामान्य नागरिकाला कायदेशीर मार्गाने विकत घेता येतात. त्यांत रशियन मोसिन-नागान, ब्रिटिश ली-एनफिल्ड, युगोस्लाव्ह माऊझर आणि अमेरिकन एम-वन गॅरंड असतात. इतिहासाची आणि नेमबाजीची आवड असणारे त्या हौसेने घेतात, साफ करतात, दुरुस्त करतात. भारतात हा मार्ग बंद आहे. आपल्या शस्त्र कायद्यात ०.३०३ सारख्या लष्करी काडतुसांच्या रायफली ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतात. म्हणूनच सरकारी आयुध कारखान्याने नागरिकांसाठी ०.३१५ बोअरची वेगळी रायफल बनवली. तेव्हा पुढचं सगळं अमेरिकेतल्या व्यवहाराबद्दल आहे. तिथे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी वाचकाला त्याचा थेट उपयोग होईल. इतरांना जुनी वस्तू कशी जपावी, हे त्यातून कळेल.

या छंदात ऐकीव सल्ले फार फिरतात. त्यांतल्या काहींनी रायफलीची किंमत जाते, तर काहींनी माणसाला इजा होऊ शकते.

गैरसमज: लष्करी साठ्यातली रायफल म्हणजे स्वस्तच.

वस्तुस्थिती: एके काळी ते खरं होतं. १९६३ मध्ये इटालियन कार्कानो रायफल दुर्बिणीसकट १९.९५ डॉलरला टपालाने घरपोच मिळत असे. केनेडींच्या हत्येत वापरलेली रायफल अशीच मागवलेली होती. पुढे १९६८ च्या कायद्याने टपालाने होणारी विक्री आणि लष्करी साठ्यांची आयात, दोन्ही थांबली. जुन्या संग्राह्य शस्त्रांची आयात पुन्हा सुरू व्हायला १९८० च्या दशकाचा मध्य उजाडला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर मोसिन-नागानचा पूर आला आणि २००० नंतरची काही वर्षं ती शंभर डॉलरच्या आत मिळत होती. आता ते साठे आटले आहेत आणि तिच्यासाठी काहीशे डॉलर मोजावे लागतात. काडतुसांचा खर्च वेगळाच. रशियन दारूगोळ्याच्या नव्या आयात परवान्यांवर अमेरिकेने २०२१ मध्ये निर्बंध घातले. त्यामुळे खिशाला परवडणारी रायफल शोधताना तिचं काडतूस आज कोण बनवतं आणि केवढ्याला देतं, हे आधी पाहावं.

गैरसमज: सगळ्या भागांवर एकच क्रमांक असेल तर रायफल जशी कारखान्यातून निघाली तशीच आहे.

वस्तुस्थिती: दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी लाखो रायफली सुट्या करून, दुरुस्त करून पुन्हा जोडल्या. जोडताना हाताला आला तो बोल्ट बसवला, त्यावरचा जुना क्रमांक खोडला आणि नळीवरचा क्रमांक ठोकला. क्रमांक जुळतात, पण भाग वेगवेगळ्या रायफलींचे असतात. अंकांचं वळण, खोडल्याच्या खुणा आणि दुरुस्तीचा शिक्का पाहिला की हे ओळखता येतं. अशी रायफल खोटी नसते, तिचा इतिहास वेगळा असतो. मूळ जुळणीचे म्हणून मागितलेले जादा पैसे मात्र तिला देऊ नयेत.

गैरसमज: इशापूरची २ए१ म्हणजे जुन्या थ्री-नॉट-थ्रीला नवी नळी लावलेली जुगाड रायफल.

वस्तुस्थिती: अमेरिकेच्या बाजारात पश्चिम बंगालमधल्या इशापूर रायफल कारखान्याचा शिक्का असलेल्या रायफली बऱ्याच दिसतात. महाराष्ट्रात पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या थ्री-नॉट-थ्रीच्याच घराण्यातल्या त्या. त्यांपैकी २ए आणि २ए१ या १९६२ च्या चीन युद्धानंतर ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी मुद्दाम नव्याने बनवल्या गेल्या. जुन्या आराखड्याची चौकट ठेवली, पण पोलाद अधिक मजबूत वापरलं. चौकोनी मॅगझिन ही त्यांची चटकन दिसणारी खूण. इशापूरच्या अनेक रायफलींच्या पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू गेलेला असतो. दस्ता फुटला होता म्हणून तो मारला, असं समजून गिऱ्हाईक मागे फिरतं. खरं तर लाकूड फुटू नये म्हणून कारखान्यानेच ती मजबुती दिलेली आहे.

गैरसमज: दिसायला उत्तम, म्हणजे चालवायला सुरक्षित.

वस्तुस्थिती: अमेरिकन स्प्रिंगफील्ड १९०३ चंच उदाहरण घ्या. स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातल्या ८,००,००० च्या आतल्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या आतल्या क्रमांकांच्या रायफलींचं पोलाद तापवताना तापमानाचा अंदाज चुकत असे. त्यामुळे काही रायफलींचा मुख्य सांगाडा ठिसूळ झाला आणि काही फुटल्याही. कोणता ठिसूळ आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हे क्रमांक भिंतीवर ठेवण्यासाठीच, हा जाणकारांचा स्पष्ट सल्ला आहे.

दुसरी गोष्ट हेडस्पेसची. बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकतं ती जागा, यांतलं हे अंतर. ते वाढलं तर पितळी पुंगळी फाटून तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. ली-एनफिल्ड नंबर ४ मध्ये हे अंतर जुळवण्यासाठी बोल्टची सुटी टोकं ० ते ३ अशा चार मापांत बनवली होती. कुणी मधेच टोक किंवा बोल्ट बदलला असेल तर माप बिघडतं. हे काम अंदाजाचं नाही. पहिली गोळी झाडण्याआधी गनस्मिथकडून गेज लावून तपासून घ्यावं. त्याचा खर्च रायफलीच्या किमतीतच धरावा.

गैरसमज: जुन्या काडतुसांमुळे गंज चढतो, त्यावर अमोनियाचा स्प्रे हा उपाय.

वस्तुस्थिती: गंजाचं मूळ काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरमध्ये आहे. जुन्या लष्करी प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते पेटलं की पोटॅशियम क्लोराइड मागे उरतं. हा मिठाच्या जातीचा क्षार हवेतली ओल ओढून घेतो आणि दमट दिवसांत नळीला बघता बघता गंज धरतो. अमोनियाने तो निष्प्रभ होत नाही. काच पुसायच्या अमोनियायुक्त द्रवाने फायदा होतो तो त्यातल्या पाण्याने, कारण क्षार पाण्यात विरघळतो. तेलात तो विरघळत नाही, म्हणून नुसतं तेल फिरवणंही पुरेसं नाही. त्याच दिवशी नळीतून आणि बोल्टवरून गरम पाणी फिरवावं, पूर्ण कोरडं करावं आणि मगच तेलाचा हात द्यावा.

गैरसमज: साठवणुकीचं ग्रीस काढायला पेट्रोल आणि लाकडाला ओव्हन क्लीनर.

वस्तुस्थिती: पेट्रोलची वाफ दूरच्या ठिणगीनेही पेटते. ओव्हन क्लीनरमधला कॉस्टिक सोडा लाकडाचे तंतू खातो आणि रंग बिघडवतो. धातूच्या भागांना मिनरल स्पिरिट पुरतं, तेही उघड्या हवेत आणि हातमोजे घालून. लाकडात मुरलेलं ग्रीस सौम्य उष्णतेने, उन्हात ठेवूनसुद्धा, वर येतं. ते येईल तसं पुसत राहावं. घाई करू नये. चेंबरचा कोपरा मात्र विसरू नये. मोसिनचा बोल्ट अडकला की पोलादी काडतुसांवरच्या लॅकरला दोष दिला जातो, पण पुष्कळदा तिथे वाळून बसलेलं जुनं ग्रीसच आडवं आलेलं असतं.

गैरसमज: दस्ता पॉलिशपेपरने घासून वार्निश मारलं की रायफलीची किंमत वाढते.

वस्तुस्थिती: सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. जुनी शिवराई घासून लखलखीत केली तर तिच्यावरची अक्षरं जातात आणि जाणकार तिला हात लावत नाही. दस्त्याचंही तसंच आहे. लाकडावर तपासनिसाचे, शस्त्रागाराचे, दुरुस्तीचे शिक्के असतात. रायफल कुठे बनली आणि कुणाच्या हातून गेली, याचा तोच पुरावा. पॉलिशपेपरचे चार हात फिरले की तो पुसला जातो आणि परत आणता येत नाही. शिवाय लाकूड झिजून धातूपेक्षा खाली बसतं, तेही नजरेला खुपतं.

मग काय करावं? आधी मूळ लेप कोणता, ते ओळखावं. सोव्हिएत दुरुस्तीतल्या मोसिनवर चपडी लाखेचा थर असतो. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख आपल्याकडे झारखंडात मोठ्या प्रमाणावर निघते आणि आपले जुने सुतार तिचंच पॉलिश करत आले आहेत. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून पोपडा गेलेल्या जागी नवी पातळ लाख लावली की ती जुन्या थरात मिसळून जाते. सगळा दस्ता उघडा करायची गरजच पडत नाही.

ब्रिटिश रायफलींच्या लाकडात जवसाचं कच्चं तेल मुरवत. त्यांना वार्निश नको. तेलाचा अगदी पातळ हात, तळव्याने चोळून, जादा तेल पुसून आणि दोन हातांमध्ये पुरेसे दिवस जाऊ देऊन द्यावा. दुकानात ‘उकळलेलं’ म्हणून मिळणारं जवसाचं तेल लवकर सुकतं, ते त्यात मिसळलेल्या धातूंच्या क्षारांमुळे. ते खाण्याचं तेल नव्हे. आणि एक धोका पक्का लक्षात ठेवावा. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं. तेलाचे बोळे ढिगात टाकले तर ते आपोआप पेटू शकतात. घराबाहेर एकेक पसरून वाळवावेत किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकावेत.

पोचा आलेल्या जागी ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवावी. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात आणि लाकडाचा कणही जात नाही. शिक्क्यांवर मात्र वाफ देऊ नये. तेही दाबूनच उठवलेले असल्याने फिकट होतात.

गैरसमज: धातूवर नवी चकचकीत ब्लूइंग हवीच.

वस्तुस्थिती: प्रत्येक सैन्याची पद्धत वेगळी होती. अमेरिकेच्या गॅरंडवर फॉस्फेटचा मंद राखाडी लेप आहे, तर पुढच्या काळातल्या ब्रिटिश रायफलींवर काळा रंग दिसतो. त्यांच्यावर आरशासारखी निळी झाक कधी नव्हतीच. नव्या लेपासाठी धातू घासला की त्यावरचे शिक्केही बोथट होतात. लाल गंज चालू असेल तर तेल लावून बारीक स्टील वूलने हलकेच काढावा. गडद, स्थिरावलेली झाक तशीच राहू द्यावी.

या सगळ्यातून कामाचा क्रम ठरतो. रायफल हातात घेताच बोल्ट काढून चेंबर रिकामं आहे ना, हे डोळ्यांनी पाहायचं. सुरुवातीलाच सगळ्या शिक्क्यांचे फोटो काढून ठेवायचे. मग ग्रीस काढायचं, गनस्मिथकडून तपासणी करायची आणि लाकडाकडे सर्वांत शेवटी वळायचं. प्रत्येक पायरीवर एकच कसोटी लावायची: मी करतो आहे ते उद्या परत फिरवता येईल का? लाखेचा हात, तेल, वाफ या कसोटीला उतरतात. करवत, पॉलिशपेपर आणि ड्रिल उतरत नाहीत. साठ-सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत हजारो लष्करी रायफली कापून शिकारीच्या केल्या गेल्या, कारण तेव्हा त्या कवडीमोल होत्या आणि पुरवठा संपेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यामुळे मूळ रूपातल्या रायफली आज मोजक्या उरल्या आहेत. आपल्या हाती आलेली त्यातलीच एक असेल, तर तिच्यावर कमीत कमी काम करणं हेच तिचं उत्तम काम आहे.