शून्य दिसलं की घाबरावं

मालवणच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. किनाऱ्यापासून त्याचं अंतर साधारण अर्धा किलोमीटर. हे अंतर डोळ्यांपुढे ठेवा, आपल्याला त्याची मोजपट्टी करायची आहे.

आपल्या भोवती किरणोत्सर्ग कायमच असतो. दगडातून येतो, मातीतून येतो, आकाशातून येतो. त्याचं प्रमाण ताशी साधारण ०.१ मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे अंगात जाणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप). तेवढ्यासाठी धक्क्यावर एक मिलिमीटरची, तांदळाच्या कणीएवढी रेघ ओढू या. आता एप्रिल १९८६ मध्ये फुटलेल्या चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीकडे जाऊ. उघड्या पडलेल्या गाभ्याजवळचं प्रमाण ताशी ३०० सिव्हर्टच्या घरात असावं, असा अंदाज आहे. आपल्या पट्टीवर ही रेघ भरते ३,००० किलोमीटर. मालवणहून सरळ रेषेत दिल्ली गाठायची आणि परत यायचं, जवळपास तेवढी. तिथे एक मिनिट उभं राहिलं की अंगात ५ सिव्हर्ट जातात. एवढ्या मात्रेनंतर उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात.

त्या रात्री कामगारांच्या हातातली यंत्रं काय दाखवत होती? ताशी ३.६ राँटजेन. राँटजेन हे जुनं माप; सिव्हर्टमध्ये बदललं तर आपल्या पट्टीवर साडेतीनशे मीटर! म्हणजे धक्क्यावरून निघालेली होडी किल्ल्यालासुद्धा पोचली नाही. कारण अगदी साधं होतं. यंत्राची पट्टीच सेकंदाला १,००० मायक्रोराँटजेनवर संपत होती. काटा शेवटच्या खुणेला टेकला आणि तिथेच राहिला. मोठ्या पल्ल्याची यंत्रंही होती, पण एक कोसळलेल्या भागात अडकलं आणि दुसरं सुरू करताच बंद पडलं. मग ३.६ हाच आकडा वरपर्यंत कळवला गेला. आकड्यामागचा ‘निदान एवढा तरी’ हा अर्थ वाटेतच गळला.

यंत्र फसतं त्याची ही पहिली तऱ्हा. दुसरी याहून चमत्कारिक आहे. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर नळीत किरणाचा एक कण शिरला की एक टिक होते, आणि त्यानंतर साधारण सेकंदाचा दहा हजारावा भाग ती नळी आंधळी असते. रापणीचं जाळं ओढल्यावर वाळूवर माशांच्या पाट्या मोजणारा माणूस आठवा. पाटी गेली की तो एक खडा टाकतो. पाट्या सावकाश जातात तोवर हिशेब चोख असतो. घाई झाली, की खड्यासाठी हात खाली जाईपर्यंत दोन पाट्या निसटतात. नळीचं तर त्याहून वाईट. किरणोत्सर्ग फारच वाढला, तर काही नळ्यांना डोळा उघडायला सवडच मिळत नाही. टिकटिक मंदावते, कधी पूर्ण थांबते. म्हणजे सर्वांत धोक्याच्या जागी यंत्र सर्वांत शांत.

म्हणून अणुवीज केंद्रात आकडा वर गेला की घंटा वाजते, तशी तो फार खाली गेला तरी वाजवतात. कारण या जगात खरं शून्य सापडतच नाही. तुमच्या-माझ्या अंगातल्या पोटॅशियमचेच चार हजारांहून अधिक अणू दर सेकंदाला फुटतात, दिवसाला पस्तीस कोटींच्या वर. समुद्राच्या लिटरभर पाण्यातही दर सेकंदाला दहा-बारा फुटतात. तेव्हा यंत्र शून्य दाखवतंय याचा अर्थ जागा स्वच्छ आहे असा घ्यायचा नाही. यंत्र मेलंय असं धरून चालायचं. मग ठरावीक ताकदीचा एक छोटा किरणोत्सर्गी नमुना यंत्रासमोर धरून ते जागं आहे का बघतात, शेजारच्या यंत्राशी आकडा ताडतात आणि दुरुस्ती होईपर्यंत माणूस हातातलं यंत्र घेऊन फेऱ्या मारतो.

महत्त्वाच्या जागी तर एकावर विसंबतच नाहीत. तीन यंत्रं लावतात आणि दोघांचं जे म्हणणं ते खरं धरतात. कागदावर हा हिशेब सुखाचा आहे. समजा एक यंत्र शंभर दिवसांत एक दिवस बंद पडतं. तिन्ही एकाच दिवशी बंद पडायला दहा लाख दिवस, म्हणजे पावणेतीन हजार वर्षं लागतील. चोवीस यंत्रं असतील आणि त्यांतली तेवीस एकाच दिवशी बंद पडायची असतील, तर तो योग चारावर चव्वेचाळीस शून्यं इतक्या दिवसांत एकदा यायचा. विश्व जन्मल्यापासून गेलेले दिवस मोजले, तर पाचावर जेमतेम बारा शून्यं होतात.

प्रत्यक्षात हा योग जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीत आला. फुकुशिमा प्रांतातल्या २४ किरणोत्सर्ग मापन केंद्रांपैकी २३ निकामी झाली. काही लाटेने नेली, काहींची वीज आणि तारा तुटल्या. तिथल्या अणुवीज प्रकल्पात कामगारांच्या खिशाला लावायची सुमारे ५,००० मापकं होती, त्यांतली ३२० उरली. एका टोळीत एकच मापक, अशी वाटून वापरायची वेळ आली. गुणाकार चुकला नव्हता. तो करताना प्रत्येक यंत्र आपापल्या कारणाने बंद पडेल असं धरलं होतं, आणि कारण मात्र सगळ्यांना मिळून एकच आलं.

हे सिंधुदुर्गातल्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा आधी लाईट गेली, मग मोबाईलला रेंज नाही, मग घरातला इन्व्हर्टर संपला. एरवी तीन वेगळ्या सोयी. त्या दिवशी तिघींचा जीव एकाच खांबात होता.

विजयदुर्गाच्या उत्तरेला, वाघोटन खाडीपलीकडे माडबनचा सडा आहे. तिथे जैतापूर अणुवीज प्रकल्पाच्या, मूळ आराखड्यानुसार, १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, म्हणजे ९,९०० मेगावॉट वीज, कागदावर योजलेली आहे. प्रकल्प व्हावा की न होऊ द्यावा, यावर इथे वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. दोन्ही बाजूंनी विचारावा असा एक प्रश्न मात्र मधे पडून आहे. मापकं किती बसवणार, हे कोणीही सांगेल. त्यांतली किती एका तारेवर, एका उंचीवर आणि एकाच खाऱ्या वाऱ्याच्या तोंडाला असतील? तीन नांगर एकाच दोराला बांधले, तर होडीच्या जिवावर तो दोर एकच असतो.